सांडपाण्याची परीक्षा शेवाळाला घेऊ द्या

दर उन्हाळ्यात पंचगंगेवर तोच खेळ होतो. तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो, वास सुटतो, कार्यकर्ते जमतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन पाण्याचे कॅन भरून नेतात, पंचनामा होतो. मग बोटं दाखवायला सुरुवात. इचलकरंजीचे प्रोसेसर्स, म्हणजे कापड रंगवणारे कारखानदार, म्हणतात, कोल्हापूरचा जयंती नाला बघा. कोल्हापूरकर म्हणतात, साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी बघा. साखरवाले म्हणतात, इचलकरंजीचा काळा ओढा बघा. आपलं पाणी निकषात असल्याचा कागद ज्याच्या त्याच्या फायलीत तयार असतो. आंदोलकांच्या मोबाइलमध्ये फेसाचे आणि रंगीत पाण्याचे व्हिडिओ असतात. एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला दृश्यं. या पाण्यात जीव जगतो का, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, कारण तसं कोणी तपासलेलंच नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्याचं किंवा सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, म्हणजे सीईटीपीचं, पाणी जिथे ओढ्यात किंवा नदीत पडतं तिथला नमुना घ्यावा, त्यात सूक्ष्म शेवाळ वाढवून पाहावं, आणि ते किती वाढलं याचा निकाल परवान्याची अट म्हणून बंधनकारक करावा. बीओडी-सीओडी या नेहमीच्या चाचण्यांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला. याने नदी लगेच स्वच्छ होणार नाही. पण आज जो वाद प्रत्येक जण आपापल्या कागदावर जिंकतो, तो निदान एका जागी येईल.

बीओडी या आकड्याभोवती आपलं सगळं प्रदूषणशास्त्र फिरतं. पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचं ते माप. ब्रिटनमध्ये सांडपाण्यावर नेमलेल्या शाही आयोगाने 1912 च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची ही कसोटी आणि लिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली, तीसुद्धा नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल असं धरून. प्रश्न शहरांच्या मैल्याचा होता आणि त्यासाठी ती मोजपट्टी उत्तम होती, आजही आहे. आपण तापमान 27 अंश केलं, पाचाचे तीन दिवस केले, मर्यादा 30 केली. एप्रिलच्या पंचगंगेत आठपट स्वच्छ पाणी कुठून आणायचं, तेवढं विचारायचं राहिलं.

आणि खरी गोम पुढेच आहे. बीओडीची चाचणी जिवाणूंच्या भुकेवर चालते. नमुन्यात त्या जिवाणूंनाच मारणारं काही असेल, उदाहरणार्थ ब्लीचिंगमधला उरलेला क्लोरीन, तांब्याचे किंवा क्रोमियमचे क्षार, जंतुनाशक, तर ते खातच नाहीत. ऑक्सिजन कमी खर्च होतो आणि बीओडी छान खाली येतो. म्हणजे पाणी पुरेसं विषारी असेल तर या परीक्षेत त्याला जास्त चांगले गुण मिळू शकतात. प्रयोगशाळेतल्या कोणालाही हे माहीत असतं. क्लोरीन आधी निष्प्रभ करून घ्या, बाहेरून जिवाणूंचं बीज घाला, अशा सूचना पद्धतीतच दिलेल्या आहेत. पण अहवालाच्या छापील तक्त्यात या भानगडींना रकाना नसतो. सीओडीचं दुखणं वेगळं. डायक्रोमेट या तीव्र रसायनाने जे जळेल ते सगळं त्यात मोजलं जातं, त्यामुळे साखर आणि कीटकनाशक त्याच्या लेखी सारखेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 च्या अहवालात देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यांत सर्वाधिक 55 महाराष्ट्रातले. या यादीवर अग्रलेख झाले, विधानसभेत प्रश्न आले. पण यादीची कसोटी एकच आहे: बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर आहे का. म्हणजे ही मुख्यतः मैल्याची यादी. ती खोटी नाही. मैला हा किरकोळ विषयही नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातूनच, आणि तिथे शेवाळाची चाचणी काही कामाची नव्हती. मुद्दा इतकाच की महाडच्या सावित्रीत, रोह्याच्या कुंडलिकेत, लोट्याच्या खाली दाभोळच्या खाडीत जे रासायनिक पाणी जातं, त्याची विषारी बाजू या मोजपट्टीवर उमटेलच याची हमी नाही. तिथल्या मच्छीमाराला बीओडी सांगून काय उपयोग?

मग एकेक रसायन का मोजू नये? जरूर मोजावं. पण किती? सांडपाण्यासाठीच्या आपल्या सर्वसाधारण मानकांत तिसेक बाबी आहेत. जगातल्या रसायनांच्या सर्वांत मोठ्या नोंदवहीत वीस कोटींहून जास्त पदार्थ आहेत. त्यांतले लाखभरही वापरात नसतील असं धरलं तरी गणित जमत नाही. शिवाय रंगाईच्या एका पाण्यात मीठ, अल्कली, रंग, धातू, साबणासारखे पृष्ठक्रियाकारक पदार्थ आणि त्यांचे अर्धवट तुकडे असे सगळे एकत्र असतात. मीठ, तिखट, फोडणी वेगवेगळी चाखून आमटी कशी झाली ते कळत नाही. आमटी चाखावी लागते. सुटा प्रत्येक घटक मर्यादेत, पण एकत्र आल्यावर मारक, हे सांडपाण्यात सर्रास घडतं. जिवंत पेशी मात्र त्या मिश्रणाला एकदम तोंड देते. तिला नावं माहीत असण्याची गरज नसते.

चाचणी दिसते कशी? काचेचा शंक्वाकृती चंबू, त्यात पोषक द्रावण, वर कापसाचा किंवा फोमचा बोळा. एका रांगेत नुसतं द्रावण. पुढच्या रांगांत सांडपाणी चढत्या प्रमाणात: 6.25 टक्के, 12.5, 25, 50 आणि शेवटी जवळजवळ निव्वळ. प्रत्येकात हिरव्या शेवाळाच्या सारख्याच पेशी सोडायच्या, एकवीस ते चोवीस अंशांवर अखंड उजेडात हलवत ठेवायचं. तीन दिवसांनी पहिली रांग पोपटी झालेली दिसते. पुढे पुढे रंग फिकट होत जातो आणि वाईट नमुना असेल तर शेवटचा चंबू टाकला तसाच राहतो. मग थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, त्याच चौकटीच्या काचेवर जिच्यावर पॅथॉलॉजीवाले रक्तपेशी मोजतात. वाढीचा वेग निम्म्यावर आणायला पाण्याचं किती टक्के प्रमाण लागलं, तो आकडा म्हणजे निकाल. शंभराला त्याने भागलं की विषारीपणाचं एकक मिळतं. अर्ध्या प्रमाणात वेग निम्मा झाला तर 2, दहा टक्क्यांतच झाला तर 10. आकडा जितका मोठा, तितकं पाणी वाईट. बीओडीपेक्षा हे समजायला अवघड आहे असं मला तरी वाटत नाही.

जगभर यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी जात चंद्रकोरीच्या आकाराची आहे, राफिडोसेलिस सबकॅपिटाटा. नॉर्वेतल्या निटेल्वा नदीतून 1959 मध्ये ती वेगळी केली गेली आणि तोच वंश आजही प्रयोगशाळांतून वाढवला जातो. पद्धत ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने 1980 च्या दशकातच प्रमाणित केली. चाचणी वैध ठरायची तर सांडपाणी नसलेल्या चंबूत तीन दिवसांत पेशी निदान सोळापट व्हायला हव्यात. म्हणजे तीन दिवसांत त्या जिवाच्या कमीत कमी चार पिढ्या होतात. चार पिढ्यांवरचा परिणाम माशावर बघायचा तर वर्षं जातील.

आता विरोधातले मुद्दे. त्यांतले काही इतके खरे आहेत की शेवाळप्रेमी मंडळी ते टाळतात याचंच आश्चर्य वाटतं.

सर्वांत भारी मुद्दा पोषणाचा. सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस असतो, शेवाळाला तेच हवं असतं. मग विष असूनही शेवाळ जोमात वाढणार नाही का? वाढू शकतं. गंमत अशी की हीच जात अमेरिकेत 1971 च्या सुमारास बाटलीतल्या चाचणीसाठी वापरात आली ती नेमकं हे मोजायला, तलावांत शेवाळ किती माजेल हे. त्या काळात तिथे डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवरून रण पेटलं होतं. तेव्हा एका प्रमाणावरचा एक निकाल वाचून मत बनवणं चूकच. पण म्हणूनच पाच-सहा प्रमाणांची रांग लावतात: पातळ पाण्यात वाढ फुगते, दाट पाण्यात कोसळते, आणि तो वक्रच दोन्ही गोष्टी सांगतो. आणि समजा नुसती वाढच फुगली, तर ते पाणी शुद्ध ठरतं का? पंचगंगेवर पसरलेली जलपर्णी बघितलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये.

दुसरा मुद्दा रंगाचा, आणि तो इचलकरंजीसाठी जिव्हाळ्याचा. गडद निळं किंवा लाल पाणी उजेड अडवतं. शेवाळ विषाने नाही, अंधाराने खुंटतं. आक्षेप शंभर टक्के बरोबर. त्यावर उपाय म्हणजे चंबूंचा एक जादा संच. त्यात शेवाळ स्वच्छ द्रावणातच ठेवायचं आणि रंगीत पाणी दिवा आणि चंबू यांच्यामध्ये उभं करायचं. तिथेही वाढ तेवढीच घटली तर दोष सावलीचा. तिथे वाढलं आणि मिसळल्यावर खुंटलं तर विषाचा. हा जादा संच लावल्याशिवाय कोणा प्रोसेसरला दंड झाला तर मी त्या प्रोसेसरच्या बाजूने उभा राहीन.

तिसरा धातूंचा. पोषक द्रावणात ईडीटीए घालतात, ते तांबं-जस्त पकडून ठेवतं आणि त्यांचा विखार लपतो. तेव्हा धातूंचा संशय असेल तिथे ईडीटीएशिवायही चाचणी व्हावी, अमेरिकी पद्धतीत ती मुभा आहे. चौथा आपल्या पट्ट्यातला: उसाच्या शेतातून अ‍ॅट्राझिनसारखी तणनाशकं वाहून येतात आणि ती थेट प्रकाशसंश्लेषणावर घाव घालतात. नदीतलं पाणी उचलून शेवाळावर टाकलं तर शेतकऱ्याचं पाप कारखान्याच्या माथी लागेल. म्हणूनच नमुना आउटलेटचा हवा, नदीतला नको. आणि तुलनेसाठी वरच्या अंगाचं पाणीही त्याच दिवशी तपासायला हवं.

पाचवा मुद्दा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. शेवाळाला मज्जासंस्था नाही. जी कीटकनाशकं मज्जातंतूंवर काम करतात, ती शेवाळ पुष्कळदा पचवून बसतं आणि पाणपिसू म्हणजे डॅफ्निया मात्र आडवी पडते. उलट तणनाशकात मासा मजेत पोहतो आणि शेवाळ मरतं. तेव्हा एकट्या शेवाळावर विसंबणं हा निव्वळ हट्ट. शेवाळ, पाणपिसू आणि मासा किंवा माशाची अंडी असं त्रिकूट जगात वापरलं जातं ते याचसाठी. मग मी शेवाळापासून सुरुवात करा असं का म्हणतो? नदीतल्या अन्नाचा पाया ते आहे, नमुना थोडा लागतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी लागत नाही, आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांत ते वाढवता येणारी माणसं आजच आहेत. (शेवाळावरून नदीचं प्रदूषण ठरवणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या कपाटांत थोडे नाहीत. पण ते बहुतेक नदीत कोणत्या जाती सापडल्या याची मोजदाद करतात. तो अभ्यास वेगळा, त्याने ठरावीक पाइपला जबाबदार धरता येत नाही.)

बीओडीतून सुटलेलं विष या चाचणीत सापडू शकेल, पण मासे मेले की कारण विषच, हेही कोणी गृहीत धरू नये. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या पाण्याचा, बीओडी लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. तो नदीत गेला तर मासे गुदमरून मरतात. तिथे बीओडीच बोलेल, शेवाळ नाही. तेरवाडला मेलेल्या माशांमागे बहुधा दोन्ही कारणं वेगवेगळ्या दिवशी असतात. दोन्ही चाचण्या हातात असतील तर निदान कोणता दिवस कोणाचा ते कळेल.

हे सगळं परदेशी चोचले आहेत, असं कोणी म्हणेल तर त्याने आपलेच नियम वाचावेत. 1993 मध्ये अधिसूचित झालेल्या सर्वसाधारण मानकांत जैवचाचणी आहेच: निव्वळ सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जगले पाहिजेत. म्हणजे पाण्याला जिवंत प्राण्यापुढे उभं करायचं, हे तत्त्व तीस वर्षांपूर्वी मान्य झालंय. मासे मेल्याच्या बातमीखाली बीओडी-सीओडी वाचलेत. जैवचाचणीचा निकाल किती वेळा वाचलात? 2014 नंतर मोठ्या प्रदूषक उद्योगांना ऑनलाइन मीटर सक्तीचे झाले, तेही मुख्यतः पीएच, बीओडी, सीओडी आणि पाण्यातल्या तरंगत्या कणांच्याच भाषेत बोलतात. आणि माशाची कसोटी तशी ढोबळ. चार दिवस जिवंत राहिलेला मासा पुढे अंडी घालेल की नाही, हे ती विचारत नाही.

उद्योजकांचा खरा राग चाचणीवर नसतो, ती कोण वापरणार यावर असतो. लहान प्रोसेसर म्हणतो, आधीच इन्स्पेक्टर येऊन बसतो, आता त्याच्या हातात शेवाळ द्या. यात तथ्य आहे. शिवाय शेवाळ ‘विषारी आहे’ एवढंच सांगतं, ‘कशामुळे’ ते सांगत नाही. मग दुरुस्त काय करायचं? यावरची वाट मळलेली आहे. तोच नमुना गाळून, हवा मारून, ईडीटीए घालून, शोषक स्तंभातून काढून, पीएच बदलून पुन्हा पुन्हा शेवाळावर तपासतात. ईडीटीएने विष उतरलं तर धातू, हवा मारून उतरलं तर उडून जाणारं काही. कारखान्याला यातून खर्चाची दिशा मिळते, जी सीओडीच्या आकड्यातून कधीच मिळत नाही. ‘निकाल कोर्टात टिकणार नाहीत’ हा आक्षेपही अमेरिकेत लढवून झालाय. तिथल्या वीज कंपन्यांच्या संघटनेने जैवचाचण्यांच्या पद्धतींना आव्हान दिलं, निर्दोष पाणीही दोषी ठरेल असं म्हटलं. 2004 मध्ये अपील न्यायालयाने पद्धती कायम ठेवल्या. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये पाणपिसूची चाचणी सांडपाण्याच्या मानकांत आणली. कापड, रंग, रसायनं विकून वर आलेला तो देश; त्याची निर्यात काही बुडाली नाही.

पण चाचणी करणं आणि निकाल बाहेर येणं यात केवढं अंतर असतं, हे जपानमधल्या मिनामाताने दाखवून ठेवलंय. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला; त्या आजाराची अधिकृत नोंद मे 1956 ची. चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी 1959 मध्ये अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मांजरांच्या खाण्यात मिसळलं. ऑक्टोबरात 400 क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणं दिसली. सांडपाणीच दोषी, हे कंपनीच्या आत कळलं होतं. कंपनीने निष्कर्ष दाबला, डिसेंबरात गाजावाजा करून शुद्धीकरण यंत्र बसवलं, आणि ते सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. सरकारने कारण मान्य केलं 1968 मध्ये. शेवाळाच्या 72 तासांच्या चाचणीने मिनामाता पकडलं असतं असा माझा दावा नाही. माशांत साठत जाणारं विष तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण तिथे चाचणी चुकली नव्हती. ती कंपनीच्या कपाटात होती.

म्हणून चाचणी कारखान्याने स्वतःच्या पसंतीच्या लॅबमधून करून घ्यायची, ही पद्धत इथे चालणार नाही. कायद्याने नमुना कारखानदारासमोर घेऊन दोन भागांत सील करायचाच असतो. एक भाग मंडळाकडे, दुसरा लॉटरीने ठरलेल्या विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत जावा. नमुना बर्फात ठेवून 36 तासांच्या आत चंबूत पडायला हवा, आणि इचलकरंजीहून शिवाजी विद्यापीठ काही लांब नाही. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून, पण पैसे मंडळामार्फत, थेट नाही. निकाल चांगला असो की वाईट, आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मंडळाच्या संकेतस्थळावर.

मर्यादा किती ठेवायची, यावर मात्र भांडायला हरकत नाही. उन्हाळ्यात नदीत मिसळायला पाणीच नसतं, तेव्हा हिशेबाने 1 एककाच्या वर काहीच चालू नये, असं मला वाटतं. सीईटीपी चालवणारे म्हणतील, पहिल्याच वर्षी हे अशक्य, आणि ते खोटं बोलत नसतील. कोरियानेही उद्योग आणि विभाग पाहून वेगवेगळ्या मर्यादा ठेवल्या. मग पहिलं वर्ष दंडाविना नुसतं मोजायचं, दुसऱ्या वर्षी 4, चौथ्या वर्षी 1, आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दर पंधरवड्याला नमुना, असं काहीतरी ठरवता येईल. काळ्या ओढ्याच्या तोंडापासून सुरुवात करायला कोणत्या नव्या कायद्याची गरज नाही. परवान्याच्या पुढच्या नूतनीकरणात मंडळाने ही एक अट घातली की झालं.